खरे नकाशे, मनातले नकाशे आणि पाच गावांची फेरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूरहून विजापूर, बदामी, हंपी, शिमोगा आणि शेवटी म्हैसूर. या एका फेरीबद्दल मला जितके प्रश्न येतात, तितके दुसऱ्या कुठल्याच प्रवासाबद्दल येत नाहीत. या वाटेवर आदिलशाही, चालुक्य आणि विजयनगर अशा तीन राजधान्या लागतात. शिवाय रामायणातली किष्किंधा आणि आर. के. नारायण यांच्या कथांमधलं मालगुडी ही दोन ठिकाणंही लागतात. ती आपण आधी गोष्टीत पाहिलेली असतात आणि मग जमिनीवर शोधत फिरतो. म्हणून कुणी बसला किती वेळ लागतो ते विचारतं, कुणी मालगुडीचा पत्ता मागतं, तर कुणाला मुलांसोबत मनातल्या गावाचा नकाशा काढायचा असतो. या सगळ्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

१. शाळा सुटल्यापासून नकाशाला हात लावलेला नाही. वाचायला मुळात काय यावं लागतं?

दिशा, प्रमाण आणि सूची एवढं आलं की झालं. दिशा आणि चिन्हांची सूची कोपऱ्यात छापलेली असते, ती पाच मिनिटांत कळते. घोळ होतो तो प्रमाणाचा. १:५०,००० असं लिहिलं असेल तर नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. १:१०,००,००० असेल तर तोच सेंटिमीटर दहा किलोमीटरचा होतो.

वळणावळणाचा रस्ता पट्टीने मोजता येत नाही. त्यासाठी शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा घ्या आणि किंचित ओला करा, म्हणजे तो कागदाला चिकटून राहतो. रस्त्याच्या प्रत्येक वळणावर बोटाने दाबत दाबत तो बसवा, दोन्ही टोकांना नखाने खूण करा, मग उचलून खालच्या प्रमाणपट्टीवर सरळ धरा. घाटाचा रस्ता सरळ रेषेच्या दीडपट-दुप्पट निघतो आणि ते दोऱ्यात स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. मुलांना हे एकदा करून दाखवा, ती विसरत नाहीत.

२. फोनमध्ये सगळं आहे. मग कागद कशाला?

फोन पुढचं वळण उत्तम दाखवतो, पण सगळी फेरी एका नजरेत दाखवत नाही. बोटांनी चित्र लहान केलं की गावांची नावं गायब होतात, मोठं केलं की शेजारचं गाव पडद्याबाहेर जातं. बदामीहून पट्टदकल जेमतेम २२ किलोमीटर आणि त्याच वाटेने पुढे ऐहोळे, हे कागदावर आपोआप दिसतं. फोनवर ते मुद्दाम शोधावं लागतं, आणि आहे हे ठाऊकच नसेल तर शोधणार कसं?

माझा आग्रह एवढाच आहे की तिकिटं काढण्याआधी एका कोऱ्या कागदावर आपल्या फेरीचा नकाशा स्वतःच्या हाताने काढा. त्यावर किलोमीटर लिहू नका, तास लिहा. कसे, ते प्रश्न ४ मध्ये आहे. फोनवर त्या भागाचा नकाशा उतरवूनही ठेवा, कारण शिमोग्याकडच्या आगुंबेच्या जंगलात रेंजचा भरवसा नाही.

३. सर्वेक्षण विभागाचे नकाशे सामान्य माणसाला मिळतात का?

मिळतात. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ साली सुरू झाला, मुख्यालय डेहराडूनला आहे. ट्रेकर ज्याला टोपोशीट म्हणतात ते १:५०,००० प्रमाणाचं पत्रक त्यांचंच. सर्वांसाठी खुल्या असलेल्या मालिकेतली पत्रकं ऑनलाइनही मिळतात. त्यांवरच्या समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, सहसा २० मीटर उंचीच्या अंतराने असतात. रेषा एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या की कडा, लांब लांब दिसल्या की पठार. शहरांच्या फेरीला हे पत्रक लागत नाही. हंपीच्या टेकड्यांमधून पायी फिरणार असाल तर मात्र उपयोगी पडेल.

४. पाच गावं ठरली. क्रम कसा लावायचा?

पाच गावांचे १२० क्रम होतात, म्हणून सगळे ताडून बघायला बसू नका. आधी दोन टोकं पक्की करा. घर सोलापूरच्या बाजूला असेल तर विजापूर पहिलं, कारण ते सोलापूरहून शंभर किलोमीटरवर आहे. म्हैसूर शेवटचं, कारण तिथून गोलगुंबज एक्स्प्रेस सोलापूर-पंढरपूरकडे थेट येते. एका टोकाने शिरा आणि दुसऱ्या टोकाने निघा. गेलेल्या वाटेनेच परत यायचं ठरवलंत तर एक अख्खा दिवस नुसता खिडकीत जातो.

मग हाताने काढलेल्या नकाशावर प्रत्येक दोन गावांना रेघेने जोडा आणि तिच्यावर दारापासून दारापर्यंतचा वेळ लिहा. खोली सोडणं, रिक्षा, स्टँडवर थांबणं, बस, पुन्हा रिक्षा, नवी खोली, हे सगळं त्यात धरा. फोन दाखवतो तो मोकळ्या रस्त्यावरच्या मोटारीचा वेळ असतो. सरकारी बसने जाणार असाल तर त्याच्या दीडपट धरा.

असं केलं की नकाशाचा आकारच बदलतो. हंपीजवळचं होस्पेट ते शिमोगा हा साधारण दोनशे किलोमीटरचा टप्पा कागदावर फार लांब दिसत नाही, पण तासांत मोजला तर बराच मोठा निघतो. त्या दिवशी दुसरं काही ठरवू नये हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

५. किती दिवस लागतील?

दहा रात्री: विजापूर एक, बदामी दोन, हंपी तीन, शिमोगा दोन, म्हैसूर दोन. प्रत्येक मुक्काम बदलताना अर्धा दिवस जातो असं धरूनच हा हिशेब केला आहे. आठवडाच हातात असेल तर सगळीकडची एकेक रात्र कापू नका. शिमोगा सरळ वगळा आणि होस्पेटहून रात्रीच्या गाडीने दक्षिणेकडे जा. हंपीला एक रात्र राहून परत येणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं. हेमकूट टेकडीवरची संध्याकाळ आणि विठ्ठल मंदिराची सकाळ, एवढ्यासाठीच दोन रात्री लागतात.

६. नकाशावर दोन ठिकाणं अगदी जवळ दिसतात, तरी पोचायला वेळ का लागतो?

मध्ये काय आहे ते बघितलं जात नाही म्हणून. बदामी स्टेशन आणि बदामी गाव यांत पाचेक किलोमीटर आहेत. रात्री उतरलात तर रिक्षा आधी सांगून ठेवा. होस्पेट हे हंपीचं स्टेशन, पण ते १३ किलोमीटर अलीकडे आहे.

खरी गंमत नदीची. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरासमोर तुंगभद्रा आहे आणि पलीकडे विरुपापूर गड्डी. पलीकडे बसलेल्या माणसाच्या शर्टाचा रंगही दिसतो. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा पलीकडून सूर्यास्त बघत बसलो आणि काठावर आलो तर नाव बंद झालेली. समोर विरूपाक्षाच्या गोपुरावर दिवे लागले होते, घंटा ऐकू येत होती, आमच्या खोलीची गच्चीसुद्धा ओळखू येत होती. तिथे पोचायला मात्र रिक्षा करून, पूल गाठून, मोठा वळसा घालून जावं लागलं. तेव्हापासून माझ्या नकाशावर नदी निळ्या रेघेने नाही, लाल रेघेने असते आणि पूल किंवा नाव जिथे असेल तिथेच ती तुटते. बाजूला शेवटच्या नावेची वेळ लिहायला जागा सोडलेली असते. ती वेळ तिथे पोचल्यावर त्याच दिवशी विचारून घ्यायची.

७. फोनवर विजयपूर शोधलं तर बंगळूरजवळचं गाव का येतं?

कारण तेही विजयपूरच आहे, देवनहळ्ळी तालुक्यातलं. आपण ज्याला विजापूर म्हणतो त्याचं नाव कर्नाटक सरकारने १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृतपणे विजयपूर केलं. त्याच दिवशी होस्पेटचं होसपेटे, शिमोग्याचं शिवमोग्ग आणि हुबळीचं हुब्बळ्ळी झालं. बसच्या पाटीवर नवं नाव असतं, जुन्या नकाशात जुनं, आणि आपल्या तोंडात तिसरंच. खोली किंवा गाडी ठरवताना गावाच्या नावापुढे जिल्हा लिहाच, किंवा शेजारची ओळखीची खूण शोधा. ‘गोलगुंबज’ असं शोधलंत तर दुसरीकडे जायची भीती नाही.

८. सगळ्या फेरीचं एकच रेल्वे तिकीट निघतं का?

या फेरीसाठी नाही, पण लोक दोन नियमांबद्दल ऐकून असतात म्हणून ते सांगतो.

पहिला, वाटेत उतरण्याचा. पाचशे किलोमीटरपेक्षा लांबच्या साध्या तिकिटावर पहिले ५०० किलोमीटर झाल्यानंतर एकदा, दोन दिवसांपर्यंत, वाटेत थांबता येतं. तिकीट १,००० किलोमीटरपेक्षा लांबचं असेल तर दोनदा. आपलं विजापूर आणि बदामी पाचशेच्या खूप आधी येतं, त्यामुळे हा नियम इथे कामाचा नाही.

दुसरा, चक्राकार प्रवासाच्या तिकिटाचा. निघालात त्याच स्टेशनवर परत येणार असाल तर एका तिकिटावर आठपर्यंत थांबे घेता येतात आणि लांब अंतराचा स्वस्त दर लागतो. त्यासाठी आधी विभागीय वाणिज्य कार्यालयाकडे जाऊन मार्ग ठरवून घ्यावा लागतो आणि प्रत्येक टप्प्याचं आरक्षण वेगळं करावं लागतं. ज्यांची सगळी फेरी रेल्वेनेच आहे त्यांनी जरूर चौकशी करावी. आपला होस्पेट-शिमोगा टप्पा रस्त्याने सोयीचा आहे, तिथे साखळी तुटते.

म्हणून लांबच्या दोन गाड्या, म्हणजे जायची आणि म्हैसूरहून परतीची, आरक्षण उघडताच काढा. सध्या ते ६० दिवस आधी उघडतं. मधले टप्पे मोकळे ठेवा.

९. पोचलो आणि ठिकाण बंद, असं होऊ नये म्हणून काय करायचं?

वार नकाशावर लिहा. पुरातत्त्व खात्याची वस्तुसंग्रहालयं शुक्रवारी बंद असतात. विजापूर, बदामी आणि हंपीजवळचं कमलापूर, तिन्ही ठिकाणी हे लक्षात ठेवा. म्हैसूरचं प्राणिसंग्रहालय मंगळवारी बंद असतं. उलट म्हैसूरच्या राजवाड्यावर रविवारी संध्याकाळी दिवे लागतात, म्हणून फेरीची शेवटची रात्र रविवारची येईल असं बघा. छत्रपती संभाजीनगरची फेरी आखणाऱ्यांसाठी: अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी. दरवर्षी कुणीतरी यातला एक दिवस चुकतंच.

१०. आईबाबा सत्तरीचे आहेत. काय गाळू?

ठिकाण गाळू नका, चढ गाळा. गोलगुंबजाच्या बोलत्या सज्जापर्यंत अरुंद जिन्याने सात मजले चढावे लागतात. खालून दिसणारा तो बाहेरून ४४ मीटर व्यासाचा घुमटही पोटभर बघण्यासारखा आहे. हंपीजवळच्या अंजनाद्री टेकडीला साडेपाचशेहून जास्त पायऱ्या आहेत. बदामीच्या लेण्यांत पहिल्या लेण्यापर्यंत थोड्याच पायऱ्या आहेत, पण इ. स. ५७८ चा शिलालेख असलेलं तिसरं लेणं वर आहे. सकाळी लवकर गेलात तर तेवढं जमेल. पट्टदकल मात्र सपाटीवर आहे, तिथे त्यांना निवांत बसू द्या.

११. हनुमानाचं जन्मस्थान आपलं अंजनेरी की हंपीजवळची अंजनाद्री?

दोन्हीकडचे भाविक आपापल्या जागी ठाम आहेत, आणि दावा सांगणारी याहून आणखीही ठिकाणं आहेत. त्र्यंबकेश्वरजवळ अंजनेरी आहे. आनेगुंदीजवळ अंजनाद्री आहे, आणि आसपास ऋष्यमूक, मातंग, पंपा सरोवर अशी किष्किंधेची नावं पसरलेली आहेत.

माझं मत असं की एका कथेला एकच नकाशा असतो ही अपेक्षाच बरोबर नाही. रामकथा ज्या ज्या मुलखात मुरली, तिथल्या डोंगरांनी आणि डोहांनी तिची नावं घेतली. आनेगुंदीच्या प्रचंड गोल शिळांमध्ये उभं राहिलं की ही वानरांची नगरी असं कुणाला पहिल्यांदा का वाटलं असेल ते लगेच उमगतं. अंजनेरीच्या पठारावर वारा अंगावर आला की पवनपुत्र तिथलाही वाटतो. दोन्ही नकाशे जवळ ठेवावेत.

१२. मालगुडी नक्की कुठे आहे? तिथलं स्टेशन बघता येतं असं ऐकलं.

मालगुडी आर. के. नारायण यांनी कल्पनेतून उभं केलं, १९३० च्या दशकापासून पुढे अनेक कादंबऱ्यांत आणि कथांत. शरयू नदी, मेम्पी टेकड्या, मार्केट रोड, कबीर स्ट्रीट, अल्बर्ट मिशन शाळा. वाचून वाचून लोकांनी त्याचे नकाशेही काढले. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या बंगळूरच्या दोन वस्त्यांची नावं जोडून ते नाव झालं असं आवडीने सांगितलं जातं. नारायण यांनी स्वतः सांगितलेलं वेगळं आहे: आधी डोळ्यांसमोर एक छोटं रेल्वे स्टेशन आलं आणि त्याबरोबर नाव.

आपण बघायला जातो ती दूरदर्शनच्या मालगुडीची जमीन. शंकर नाग यांनी १९८० च्या दशकात मालिका केली तेव्हा चित्रीकरणासाठी आगुंबे निवडलं. तिथलं दोड्डमने हे जुनं घर मालिकेत स्वामी या मुलाचं घर झालं. मालगुडीचं स्टेशन म्हणून दिसलं ते शिमोगा-तालगुप्पा मार्गावरचं अरसाळू. त्या जुन्या इमारतीत आता मालगुडीचं संग्रहालय आहे. शिमोग्याहून अरसाळू पस्तीसेक किलोमीटर, आगुंबे नव्वदच्या घरात, आणि दोन्ही वेगवेगळ्या दिशांना. एका दिवसात दोन्ही उरकू नका.

फेरीचा शेवट म्हैसूरला करण्याचं एक कारण हेही आहे की नारायण यांचं यादवगिरीतलं घर तिथे आहे आणि ते जपून लोकांसाठी खुलं केलेलं आहे. आधी पडद्यावरचं स्टेशन बघायचं आणि शेवटी ज्या खिडकीजवळ बसून ते गाव लिहिलं जात होतं ती खोली. त्या अर्धगोल खोलीला चहूबाजूंनी खिडक्या आहेत. तिथे थोडं थांबा.

१३. छापील नकाशात मुद्दाम खोटी गावं घालतात, हे खरं का?

खरं आहे. नकाशाची चोरी पकडण्यासाठी असं केलं जायचं. अमेरिकेत १९३० च्या दशकात जनरल ड्राफ्टिंग कंपनीच्या ऑटो लिंडबर्ग आणि अर्नेस्ट अल्पर्स यांनी आपल्या नावांची आद्याक्षरं फिरवून ‘अॅग्लो’ हे गाव न्यूयॉर्क राज्यातल्या एका तिठ्यावर छापलं. पुढे कुणीतरी त्याच तिठ्यावर दुकान काढलं आणि नकाशात नाव दिसलं म्हणून दुकानाला तेच नाव दिलं. दुसऱ्या कंपनीच्या नकाशात अॅग्लो दिसलं तेव्हा त्यांच्याकडे उत्तर तयार होतं: तिथे त्या नावाचं दुकान आहे!

काही खोट्या जागा मात्र प्रामाणिक चुकीतून आल्या. जेम्स रेनेल हा बंगालचा पहिला सर्व्हेयर जनरल, अतिशय काटेकोर माणूस. त्याने १७९८ साली पश्चिम आफ्रिकेच्या नकाशात ‘कोंग’ नावाची लांबलचक पर्वतरांग काढली. १८८७ ते ८९ च्या मोहिमेत फ्रेंच अधिकारी बिंगेर तिथे गेला तेव्हा पर्वत नव्हताच. नव्वद वर्षं एकाचं बघून दुसरा तो पर्वत काढत राहिला होता. न्यू कॅलेडोनियाजवळचं सँडी बेट तर २०१२ पर्यंत संगणकावरच्या नकाशांत होतं. ऑस्ट्रेलियाचं संशोधन जहाज तिथे पोचलं तेव्हा खाली तेराशे मीटर खोल पाणी निघालं.

प्रवाशाने यातून घ्यायचं ते एवढंच की फोनवर दिसणारा गाडीरस्ता गावातल्या माणसाला विचारून पक्का करायचा.

१४. मुलीला मनातल्या गावाचा नकाशा काढायचा आहे. खरा वाटावा म्हणून काय करू?

आधी पाणी काढा, मग गाव. उलटं केलं की नकाशा खोटा दिसतो. नदी डोंगरात उगम पावते, उताराकडे जाते, वाटेत दुसऱ्या नद्या येऊन मिळतात. समुद्राजवळचा त्रिभुज प्रदेश सोडला तर ती सहसा फुटून दोन होत नाही. मुलं नेमकी इथेच चुकतात. तिला कराडचा संगम दाखवा. कृष्णा आणि कोयना तिथे समोरासमोर येऊन मिळतात आणि दोघींचं मिळून पाणी काटकोनात वळतं. इतकं चमत्कारिक वळण कल्पनेत सुचलं नसतं.

मग पाऊस. डोंगराच्या एका बाजूला दाट रान आणि दुसऱ्या बाजूला माळ. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, अठरा-वीस किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या निम्म्याहून कमी. डोंगर कुठे ठेवला यावर गावात भात पिकणार की ज्वारी हे ठरतं, आणि त्यावर लोक काय जेवतात तेही.

यानंतर गावाला कारण द्या: उतार, संगम, खिंडीचं तोंड, जुना बाजार. रस्ते सर्वांत शेवटी. नावं देताना एकाच साच्यातली देऊ नका. वाडी, पूर, बुद्रुक, खुर्द, एखादं आता कुणालाच अर्थ न लागणारं नाव, असं मिसळलेलं असू द्या. आणि एक कोपरा कोरा ठेवायला सांगा. गोष्ट लिहिताना त्याची गरज पडते.

१५. आपल्याकडे न दिसणाऱ्या जगाचे नकाशे काढायची परंपरा होती का?

मोठी होती. जैन परंपरेत अढाई द्वीपाचे कापडावर रंगवलेले पट आहेत: मध्ये मेरू, भोवती जंबुद्वीप, त्याला वेढून लवणसमुद्र आणि पुढे एकाआड एक द्वीप आणि समुद्र. पुराणांतल्या सप्तद्वीपांभोवती तर उसाचा रस, तूप, दही, दूध यांचे समुद्र आहेत. आपल्या घरातलं उदाहरण म्हणजे मोक्षपट. सापशिडी समजून आपण खेळतो तो मुळात माणसाच्या वागण्याचा नकाशा आहे. परंपरा तो ज्ञानेश्वरांशी जोडते. त्यात अंतर मोजायचं नसतं, पण वाट, वळसा आणि घसरण सगळं आहे.

१६. गोष्टीसाठी भारताच्या खऱ्या नकाशावर काल्पनिक राज्य दाखवलं तर चालतं का?

आतलं काल्पनिक गाव किंवा नदी दाखवायला हरकत नाही. देशाची बाह्य सीमा मात्र सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी जुळली पाहिजे. तशी नसलेला भारताचा नकाशा छापणं हा १९६१ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमाखाली गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. सर्वांत सोपं म्हणजे खरा पाया न वापरता प्रश्न १४ प्रमाणे सगळी जमीन स्वतः घडवणं.

१७. सुट्टी जुलैतच आहे. ही फेरी पावसाळ्यात जमेल का?

अर्धी छान जमेल. विजापूर-बदामी पट्टा पर्जन्यछायेत आहे. तिथे तेव्हा हवा बरी असते आणि पावसाची सर आली की बदामीच्या लाल कड्यावरून अगस्त्य तलावाच्या बाजूला धबधबे उतरतात. हंपीला धरणातून पाणी सोडलं की नाव बंद राहते, त्यामुळे पलीकडे जायचा दिवस रस्त्याच्या वळशासह धरा (प्रश्न ६). आगुंबेला वर्षाला सात हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि घाटातली वाहतूक मधूनमधून थांबवतात. तिकडे जाणारच असाल तर शिमोग्यात एक रात्र जास्तीची ठेवा आणि म्हैसूरची गाडी आगुंबेहून परतल्याच्या दुसऱ्या दिवशीची काढा, त्याच दिवशीची नको. हाताने काढलेला नकाशा प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि त्यावर शाईऐवजी पेन्सिलीने लिहा.